जुन्या हार्ड डिस्कचं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायबर कॅफे बंद झाले, दुकानांचे हिशोब मोबाइलवर गेले, शाळांमधले मोठे डब्बे जाऊन लॅपटॉप आले. त्या डब्ब्यांमधल्या हार्ड डिस्का मात्र कुठेच गेल्या नाहीत, माळ्यावर पडून राहिल्या. दुरुस्तीच्या दुकानात दर थोड्या दिवसांनी कुणीतरी पिशवीतून अशा दोन-चार डिस्का काढून काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, "हाई काय कामनी शे का भो?" म्हणजे, ही काही कामाची आहे का भाऊ? जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, प्रश्न तेच. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. हे सगळं आत तबकडी फिरते त्या जुन्या पद्धतीच्या डिस्कबद्दल आहे.

डिस्क फोडायलाच हवी का?

नको. चालणारी डिस्क तिच्या सुट्या भागांपेक्षा केव्हाही जास्त कामाची असते, म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी ती चालते का ते बघा. सॅटा (डिस्कवरची जोडणी) ते यूएसबी अशी केबल बाजारात सहज मिळते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवरच चालते. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अॅडॉप्टर लागतो, तेव्हा तो असलेली केबल किंवा डबी घ्या. नुसत्या साध्या केबलवर मोठी डिस्क लावायची, ती फिरली नाही की "मेली" म्हणून फोडायची, हा प्रकार फार चालतो.

डिस्क जोडल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवा. त्यात दोन आकडे आधी बघायचे: रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणाऱ्या जागा). दोन्ही शून्य असतील तर डिस्क अजून धडधाकट आहे. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल तर तिच्यावर महत्त्वाचं काही ठेवू नका. तिसरा आकडा म्हणजे डिस्क किती तास चालली आहे तो. वर्षाचे तास ८,७६०. सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमधून निघालेल्या डिस्कवर पस्तीस हजार तास दिसले तर ती चार वर्षं एका क्षणाची उसंत न घेता फिरली आहे असं समजा. अशी डिस्क लग्नाचे फोटो ठेवायला योग्य नव्हे.

डिस्कमधून टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर आतलं वाचणारं हेड गेलं. तिच्यात तुमचा हवा असलेला डेटा असेल तर ती लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. डेटा नको असेल तर ती फोडायला मोकळी.

चालणाऱ्या जुन्या डिस्कचा उपयोग काय?

दुसरी प्रत ठेवायला. सातबाऱ्याचे स्कॅन, टॅलीचा बॅकअप, घरचे फोटो हे आधी एका ठिकाणी असले पाहिजेत, आणि त्यांची आणखी एक प्रत या डिस्कवर. एकुलती एक प्रत जुन्या डिस्कवर ठेवणं म्हणजे जुगार. डीव्हीआरमध्येही ती चालते, पण तिथे आपल्याकडचा मे महिना आडवा येतो. घरच्या संगणकाच्या बऱ्याच डिस्कांना कंपन्यांनी ६० अंश सेल्सिअसची वरची मर्यादा दिलेली असते. भुसावळला सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि फिरणारी डिस्क भोवतालच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज गरम असते. बेरीज तुम्हीच करा. शेतातल्या शेडवर कॅमेरे असतील तर डीव्हीआर पत्र्याला लागून टांगू नका, भिंतीच्या खालच्या बाजूला, हवा खेळेल असा ठेवा.

रुंद पट्टीच्या केबलची, ४० जीबीची डिस्क आहे. ती तरी फेकू ना?

ती आयडीई, म्हणजे सॅटाच्या आधीच्या जोडणीची डिस्क. घरी तिचा उपयोग नाही, पण चालत असेल तर लगेच फोडू नका. एखाद्या वजनकाट्यावर किंवा जुन्या मशीनवर अजून त्या काळचा संगणक चालू असतो आणि त्याला नवी डिस्क बसत नाही. गावातल्या दुरुस्तीवाल्याला एकदा विचारून बघा.

भंगारात देण्याआधी डेटा कसा पुसायचा?

"डिलीट केलं, रिसायकल बिनही रिकामं केलं" हे पुरेसं नाही. सातबाऱ्यावरून नाव काढलं म्हणून शेत जागचं हलत नाही. डिलीटमध्ये फाइलचं नाव आणि पत्ता यादीतून जातो, मजकूर तबकडीवर तसाच राहतो आणि साध्या मोफत प्रोग्रॅमनेही परत काढता येतो. क्विक फॉरमॅटची गोष्ट तीच.

खरं पुसणं म्हणजे डिस्कच्या प्रत्येक जागेवर नवं काहीतरी लिहिणं. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये फॉरमॅट करताना "क्विक" समोरची खूण काढली की पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली जातात. विंडोजमधला डिस्कपार्ट हा प्रोग्रॅम वापरता येत असेल तर "क्लीन ऑल" हा हुकूमही तेच करतो. मात्र आधी कुठली डिस्क निवडली आहे ते दोनदा वाचा, कारण हा प्रोग्रॅम "नक्की का?" असं विचारत नाही. काम सावकाश होतं. ५०० जीबीच्या डिस्कला दोनेक तास धरा, जुन्या यूएसबी २.० वर चार-पाच. रात्री लावून झोपा. सात वेळा, पस्तीस वेळा पुसावं लागतं असं ऐकलं असेल तर ते फार जुन्या डिस्कांच्या काळातलं. आजच्या डिस्कला एकदा पूर्ण लिहिलेलं पुरतं.

डिस्क चालतच नसेल तर पुसण्याचा प्रश्न उरत नाही. मग ती उघडून तबकड्या निकामी करायच्या. दुकानदार, डॉक्टर, सीए, पतसंस्था यांनी यात अजिबात आळस करू नये. त्यांच्या डिस्कवर दुसऱ्यांचे आधार क्रमांक असतात.

वरून मोठा चुंबक फिरवला तर डेटा पुसला जाईल ना?

नाही. डिस्कच्या आतच, तबकडीपासून दोन-चार सेंटिमीटरवर, तुमच्याकडच्या चुंबकापेक्षा ताकदवान चुंबक कंपनीनेच बसवलेले असतात आणि त्यांनी काही पुसत नाही. चुंबकाने पुसणारी यंत्रं असतात, पण त्यांचं क्षेत्र फार तीव्र असतं आणि ती मोठ्या कंपन्यांत, बँकांत सापडतात.

डिस्कच्या मागचा बोर्ड जळलाय. तसलाच दुसरा बोर्ड लावला की डेटा मिळतो का?

वीसेक वर्षांपूर्वीच्या डिस्कांत हे जमायचं. नंतरच्या डिस्कांत त्या-त्या डिस्कची खास जुळवणी बोर्डवरच्या आठ पायांच्या एका छोट्या चिपमध्ये असते. नुसता बोर्ड बदलला तर डिस्क ओळखली जात नाही, ती चिपही काढून नव्या बोर्डवर बसवावी लागते. मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या चांगल्या कारागिराला हे जमतं. म्हणून जळलेला बोर्ड डेटा मिळेपर्यंत फेकू नका.

डिस्क उघडायची कशी?

तिचे स्क्रू साध्या चार पाकळ्यांचे नसतात, सहा टोकांच्या चांदणीचे असतात. त्याला टॉर्क्स म्हणतात, बाजारात "स्टार बिट" मागितलं तरी समजतं. मोठ्या डिस्कच्या झाकणाला बहुतेक वेळा टी-८, लॅपटॉपच्या डिस्कला आणि आतल्या भागांना टी-६, क्वचित त्याहून बारीक. मोबाइल दुरुस्तीच्या बिटांच्या संचात हे सगळे येतात. चपट्या स्क्रूड्रायव्हरने जोर लावला की स्क्रूचं डोकं खराब होतं आणि मग ड्रिलच लागतं.

आधी मागचा हिरवा किंवा निळा बोर्ड काढून बाजूला ठेवा. मग झाकणाचे कडेचे स्क्रू. सगळे काढूनही झाकण हलत नसेल तर एक स्क्रू लेबलखाली लपलेला असतो. लेबलवरून बोट दाबत फिरवा, खळगा लागेल तिथे कागद फाडा. "हे काढल्यास वॉरंटी रद्द" असा इशारा तिथेच छापलेला असतो. पंधरा वर्षांच्या डिस्कच्या वॉरंटीची काळजी करू नका. डेटा हवा असलेली डिस्क मात्र कुतूहल म्हणूनसुद्धा उघडू नका. हेड तबकडीपासून केसापेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. आपल्याकडच्या धुळीचा एक कण तेवढ्या जागेत डोंगरच.

झाकण वेल्डिंगने पूर्ण बंद केलेलं दिसलं आणि लेबलवर हीलियम लिहिलेलं असलं तर ती २०१३ नंतर आलेली मोठ्या क्षमतेची डिस्क. हीलियम विषारी नाही, पण झाकण कापत बसण्यात वेळ जातो. ती अख्खीच ई-कचऱ्यात द्या.

आत काय काय निघतं?

आरशासारख्या एक ते चार तबकड्या, मोठ्या क्षमतेच्या डिस्कांत त्याहून जास्त. त्या फिरवणारी चपटी मोटर. तबकडीवर आत-बाहेर सरकणारा अॅल्युमिनियमचा हात, त्याच्या एका टोकाला बारीक हेड आणि दुसऱ्या टोकाला तांब्याची गुंडाळी. त्या गुंडाळीच्या वर-खाली जाड लोखंडी पट्ट्यांवर चिकटवलेले वाकडे चुंबक. कोपऱ्यात पांढऱ्या उशीसारखा इवलासा फिल्टर. बाहेरचं धूड ओतीव अॅल्युमिनियमचं. मोठी डिस्क साधारण अर्धा-पाऊण किलो भरते, त्यातला सगळ्यात मोठा वाटा या धुडाचा. लॅपटॉपची शंभरेक ग्रॅमची.

जगातली पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून मावायचं जेमतेम ५ एमबी, म्हणजे आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो.

चुंबक पट्टीवरून सुटत नाही. तापवू का?

तापवू नका, आणि छिन्नी तर मुळीच नको. हे निओडिमियमचे चुंबक आहेत. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांच्या भुकटीपासून दाबून-भाजून बनवलेले, वरून निकेलचा मुलामा. साध्या प्रतीचे असे चुंबक ८० अंशांच्या वर गेले की ताकद गमावू लागतात, आणि थंड झाल्यावर ती सगळी परत येत नाही. शिवाय ते काचेसारखे ठिसूळ असतात. छिन्नी मारली तर तुकडा उडतो, डोळ्यात गेला तर दवाखाना.

पद्धत अशी. पट्टीचं एक टोक व्हाइसमध्ये किंवा एका पक्कडीत धरा, दुसऱ्या टोकाला दुसरी पक्कड लावा, आणि पट्टी चुंबकाच्या विरुद्ध बाजूला हळूहळू वाकवा. पट्टी वाकते, चुंबक वाकत नाही, मधला गोंद सुटतो. चष्मा लावा. मोकळा झालेला चुंबक लगेच दुसऱ्यापासून लांब ठेवा. हे दोन एकमेकांकडे झेपावतात तेव्हा मध्ये बोटाची कातडी सापडली तर काळी-निळी होते.

माझं मत विचाराल तर चुंबक पट्टीवरच राहू द्यावा. पट्टी मागच्या बाजूचं चुंबकत्व अडवते, पुढची पकड त्यामुळे वाढते, आणि पट्टीला आयती भोकं असतात. भिंतीला, लाकडाला स्क्रूने ठोकून टाका. सुटा चुंबक हातात छान दिसतो, पण ठोकायला काही राहत नाही, आणि महिन्याभरात तो कुठल्यातरी कपाटाच्या मागे चिकटलेला सापडतो.

या चुंबकाचा शेतात काही उपयोग?

हा प्रश्न विचारणाऱ्यांत सगळ्यात जास्त शेतकरीच असतात.

सगळ्यात चांगला उपयोग कडबा कुट्टीजवळ. कडब्याच्या पेंढीत तारेचा तुकडा, खिळा येतो, कुट्टीतून बारीक होतो आणि गुरांच्या पोटात जातो. कुट्टी जिथे पडते तिथल्या पत्र्याच्या घसरगुंडीवर पट्टीसकट चुंबक रांगेने बसवा. सगळं लोखंड पकडलं जाईल असं नाही, पण बरंच अडकतं. तेवढ्यासाठी पत्रा स्टीलचा नको, नाहीतर चुंबक तिथेच खाली चिकटून बसेल आणि वर काही पकडणार नाही. अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा लाकडी फळी चालेल. रोज संध्याकाळी जाड कापडाने पुसून घ्या.

दुसरा उपयोग विहिरीत. बादली काढायला गळ टाकतात तसं दोरीला चुंबक बांधून पाना, विळा, स्क्रूड्रायव्हर काढता येतो. पट्टीच्या भोकातून नायलॉनची दोरी ओवा. एक चुंबक जाड, सपाट लोखंडाला चिकटला तर काही किलो उचलतो, पण गंजलेल्या, गोल वस्तूवर त्याची पकड फार कमी होते. एकाच फळीवर तीन-चार लावले तर बरं. पितळेची चावी चिकटणार नाही, पण तिला लोखंडी कडी असेल तर काम होईल. लोखंडी केसिंगच्या बोअरमध्ये चुंबक सोडू नका, तो भिंतीला चिकटतो आणि दोरी ओढताना तुटली तर पंप वर काढणं अवघड होतं. पाण्यातून काढल्यावर कोरडा करा. निकेलचा मुलामा जिथे खरवडला जातो तिथून चुंबक गंजून भुकटी होतो, म्हणून आधीच एपॉक्सी रंगाचा हात द्यावा.

बाकी किरकोळ: कारखान्यात जमिनीवरचे खिळे गोळा करायला, पाने भिंतीवर टांगायला, फवारणी पंप उघडला की त्याचे स्क्रू हरवू नयेत म्हणून.

गायीने तार खाल्ली. हा चुंबक गिळायला दिला तर?

कृपा करून नको. गुरांसाठी वेगळे, गुळगुळीत, दंडगोल चुंबक येतात आणि ते पशुवैद्य ठरवून देतात. डिस्कच्या चुंबकाला कोपरे असतात, मुलामा सुटतो, तुकडे पडतात. गाय रवंथ करत नसेल, पाठ वाकवून उभी राहत असेल तर पशुवैद्यालाच बोलवा.

सोनं खरं की खोटं, हे या चुंबकाने कळतं का?

अर्धंच. सोनं चिकटत नाही, पण पितळ, तांबं, चांदी, जस्त हेही चिकटत नाही. दागिना चुंबकाला चिकटला तर त्यात लोखंड किंवा निकेलसारखा धातू आहे एवढं नक्की, नाही चिकटला तर काहीच सिद्ध होत नाही. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावात राहून हॉलमार्क सोडून चुंबकावर का जायचं?

बरं, डिस्कमध्येच सोनं असतं म्हणतात. किती निघतं?

व्हिडिओ पाहून आलात ना? असतं. केबल जिथे बसते त्या टोकांवर, बोर्डवरच्या काही जागांवर आणि हेडकडे जाणाऱ्या बारीक पट्टीवर सोन्याचा मुलामा असतो. मुलाम्याची जाडी मायक्रॉनच्या अंशात, आणि एका डिस्कमधलं सोनं मिलिग्रॅममध्ये मोजायचं. सराफ बाजाराची धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी पूर्वापार पोट भरत आले, कारण त्या धुळीत सोन्याचे खरे कण असतात. इथे तांब्यावरचा एक पापुद्रा आहे.

तो काढायला लोक नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण घरामागे उकळतात. त्यातून निघणारा तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा. त्याची वाईट गोष्ट अशी की त्या वेळी नुसतं खोकल्यासारखं वाटतं आणि फुप्फुसात पाणी भरायला काही तासांनी सुरुवात होते, माणूस तोवर घरी जाऊन झोपलेला असतो. उरलेलं आम्ल, त्यात विरघळलेलं तांबं आणि जुन्या बोर्डांच्या डाखणातलं शिसं, हे नाल्यात ओतलं जातं. नाल्याला लागून विहिरी आहेत. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये ई-कचरा असा जाळून-उकळून काढण्याने काय झालं ते वर्षानुवर्षं छापून येत आहे. ते इथे आणायचं कारण नाही. बोर्ड फोडू नका, जाळू नका, अख्खे जमा करा.

मोल शोधायचंच असेल तर ते सोन्यात नाही, चुंबकात आणि अॅल्युमिनियममध्ये आहे.

चुंबकाला एवढं मोल कशामुळे?

त्याच्या वजनात तीस टक्क्यांच्या आसपास दुर्मीळ मृदा धातू असतात, मुख्यतः निओडिमियम. असे चुंबक १९८०च्या दशकात जपान आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी शोधले गेले. आज विजेवरच्या गाड्या, पवनचक्क्या, मोबाइलचे स्पीकर, सगळ्यांत ते लागतात, आणि ते बनवण्यात चीन फार पुढे आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं तेव्हा आपल्याकडच्या वाहन कंपन्यांचीही धावपळ झाली. भारतात केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे, पण वाळूपासून चुंबकापर्यंतचा रस्ता लांबचा.

मोठ्या डिस्कमध्ये साधारण दहा-वीस ग्रॅम चुंबक निघतो. एकट्याच्या घरी त्यातून धातू वेगळा काढणं शक्य नाही. डिस्क श्रेडरमध्ये (तुकडे करणाऱ्या यंत्रात) घातली तर चुंबकाची भुकटी लोखंडाच्या कचऱ्याला चिकटून वाया जाते. म्हणूनच हाताने सुटा केलेला, अखंड चुंबक कामाचा: आहे तसा पुन्हा वापरता येतो, किंवा एकत्र साठवून पुढे देता येतो.

तबकड्या चमकतात. ज्वारीवर पाखरं येऊ नयेत म्हणून टांगू का?

अॅल्युमिनियमच्या असतील तर टांगा. मोठ्या डिस्कांत बहुधा अॅल्युमिनियम, लॅपटॉपच्या डिस्कांत बहुधा काच. मात्र २००० च्या सुमाराच्या काही मोठ्या डिस्कांतही काच होती, तेव्हा खात्री करून घ्या: तबकडी जाड गोणपाटात गुंडाळा, चष्मा लावा आणि पक्कडीने वाकवून पाहा. अॅल्युमिनियम वाकतं, काचेचा गोणपाटात चुरा होतो. काचेची तबकडी शेतात फुटली तर ते तुकडे अनवाणी पायात आणि चाऱ्यात जातात.

पाखरं किती दिवस घाबरतील? आठवडाभर. मग चिमण्या त्याच दोरीवर बसतात. जागा बदलत राहिलं तर थोडं जास्त चालतं. कणीस भरण्याच्या दिवसांत गोफणीला पर्याय नाही.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी काही सांगा.

तीन गोष्टी, आणि तिन्ही मुलांना स्वतः करता येतात.

अॅल्युमिनियमची तबकडी तिरपी धरा आणि तिच्यावरून चुंबक सोडा. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तरी तो भराभर न घसरता रेंगाळत उतरतो. सरकत्या चुंबकामुळे धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि ते त्याला मागे ओढतात. काही गाड्यांच्या ब्रेकमध्येही हेच तत्त्व वापरतात. नववी-दहावीच्या मुलांना याचं कारण शोधायला लावा, लगेच सांगून टाकू नका.

दुसरी: हेडचा हात आणि चुंबक जागेवर ठेवून गुंडाळीच्या दोन टोकांना जुन्या अॅम्प्लिफायरच्या तारा जोडा, आवाज आधी अगदी कमी ठेवा. हात थरथरू लागतो आणि डिस्क गाणं म्हणते. स्पीकरमध्येही गुंडाळी आणि चुंबकच असतो, म्हणून.

तिसरी, मोटर. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या पाहून आलेली मुलं विचारतात, याचं जनित्र होईल का? होतं, पण आधी हिशोब मांडू द्या. मोटरला तीन किंवा चार टोकं असतात. चार असतील तर एक मधलं सामाईक. मल्टिमीटरने रोध मोजा, सामाईक टोकापासून बाकीच्यांपर्यंत जेवढा येतो त्याच्या दुप्पट उरलेल्या कुठल्याही दोघांत येतो. आता, १२ व्होल्टवर ही मोटर मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारते असं धरलं तर एका व्होल्टसाठी किमान ६०० फेऱ्या हव्यात. पुठ्ठ्याच्या पात्यांनी ती तीनशे फेऱ्या फिरली तर मिळणार अर्धा व्होल्ट, आणि लाल एलईडीला १.८ च्या आसपास लागतात. म्हणून पातं थेट मोटरवर बसवून दिवा लागत नाही. मोठं चाक, लहान चाक आणि मध्ये पट्टा लावून फेऱ्या वाढवाव्या लागतात. खऱ्या मोठ्या पवनचक्कीचं पातं मिनिटाला वीसेकच फेऱ्या मारतं आणि बहुतेकींत मध्ये गिअरबॉक्स असतो, तो याचसाठी. उलट, ही मोटर बॅटरीवर फिरवायची असेल तर तारा थेट जोडून ती फिरणार नाही, ड्रोनमध्ये वापरतात तसलं ईएससी सर्किट लागतं.

चुंबक मुलांच्या हातात देणं सुरक्षित आहे का?

मोठ्या मुलांना, समोर बसून. लहानग्यांच्या हाती अजिबात नाही. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात आणि मध्ये भोक पडतं. शंका आली तरी थांबू नका, तडक रुग्णालयात न्या आणि "चुंबक गिळले" असं स्पष्ट सांगा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर हे चुंबक त्यांच्या छातीजवळ नेऊ नका, शर्टच्या खिशात तर नाहीच.

उरलेलं भंगारवाल्याला दिलं तर चालतं का?

रिकामं अॅल्युमिनियमचं धूड आणि लोखंडी पट्ट्या खुशाल द्या. तो किलोवर घेतो आणि धातू वितळवणाऱ्यापर्यंत पोचवतो. सुटं केलेलं स्वच्छ अॅल्युमिनियम अख्ख्या डिस्कपेक्षा चांगल्या भावाने जातं, फक्त त्यातले लोखंडी स्क्रू आणि मोटर काढलेली हवी.

बोर्ड मात्र त्याला देऊ नका. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार ई-कचऱ्याचं पुनर्चक्रण करणाऱ्याची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते, आणि वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवर जुना माल पुनर्चक्रणापर्यंत पोचवण्याची जबाबदारी आहे. घरी स्वतःच्या दोन डिस्का हौसेने उघडणं वेगळं. गावभरच्या डिस्का गोळा करून फोडायचा धंदा मांडायचा असेल तर नोंदणीशिवाय हात घालू नका.

शाळेत पन्नास-साठ जुने संगणक आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, लिलाव करू.

लिलावाआधी डिस्का काढून घ्या. विद्यार्थ्यांचे दाखले, पालकांचे फोन, शिक्षकांच्या पगाराची कागदं त्यांवर आहेत. चालणाऱ्या पुसा, न चालणाऱ्या उघडून तबकड्या वाकवा. मग उरलेला माल नोंदणी असलेल्या पुनर्चक्रणवाल्याला द्या आणि त्याच्याकडून किती नग, किती किलो याची लेखी पावती घ्या. एकट्या शाळेच्या मालासाठी गाडी यायला तयार होत नाही, म्हणून तालुक्यातल्या तीन-चार शाळांनी आणि एखाद्या पतसंस्थेने मिळून एकच तारीख ठरवावी.

एसएसडीतून काय निघतं?

काही नाही. ना चुंबक, ना मोटर, नुसता बोर्ड आणि चिपा. पुसण्याची रीतही वेगळी: वरून शून्यं लिहून भागत नाही, कंपनीच्या प्रोग्रॅममधला सिक्युअर इरेज वापरावा लागतो.

काढलेले बारके स्क्रू ठेवायचे का?

ठेवा. डिस्का बसवायच्या डब्यांचे स्क्रू कायम हरवलेले असतात. झाकणाचे चांदणीवाले एका डबीत, डिस्क कॅबिनेटला धरून ठेवणारे साधे जाड स्क्रू दुसऱ्या डबीत. दोन्हींचे आटे वेगळे असतात, एक दुसऱ्यात जबरदस्तीने फिरवलात तर भोकाचा आटा जाईल.